लाटेवर उभं राहिलेलं कुणी आहे का इथे? नसाल तर का नाही?

भरतीची_ओढ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे ट्रेकिंगचे धागे ढिगाने आहेत, सायकलचे आहेत, मॅरेथॉनचं तर विचारूच नका. समुद्रावर मात्र आपण लिहितो ते एकतर सूर्यास्ताबद्दल, नाहीतर पापलेटबद्दल. महाराष्ट्राला सातशेहून जास्त किलोमीटरचा किनारा आहे आणि आपण त्याच्या काठावर उभे राहून भेळ खातो. टोमणा नाही हो, चाळिशीपर्यंत मीही तेच केलं.

मी मुलुंडची. पोहायला शिकले महापालिकेच्या तलावात. गेली काही वर्षं मात्र सवड मिळाली की कर्नाटकात मुल्कीला जाते. आपल्या देशात सर्फिंग रुजलं ते याच गावातल्या एका आश्रमातून, २००४ मध्ये. सुरुवातीला तुम्हाला फक्त फेसात ठेवतात, म्हणजे आधीच फुटून गेलेल्या लाटेवर. ती मागून ढकलते, तुम्ही उठता, पडता, नाकात पाणी. मजा येते, पण तो नुसता उंबरठा.

खरी गंमत न फुटलेल्या हिरव्या लाटेची. चालत्या लोकलबरोबर प्लॅटफॉर्मवर धावतात ना, तसं आधी हातांनी वल्हवत तिच्या वेगाला यावं लागतं. जागच्या जागी असलात तर ती तुम्हाला सोडून पुढे जाते. (चालती गाडी पकडू नये, माहीत आहे, कुणी शिकवू नका.) वेग जुळला की बोर्डाची शेपटी उचलली जाते, नाक खाली झुकतं आणि छातीखालून पाण्याची चळचळ ऐकू यायला लागते. ती ऐकू आली की हात थांबवायचे आणि उठायचं. पायांकडे बघितलंत की पडलात. बघायचं जिकडे जायचंय तिकडे.

माझी आजवरची सगळ्यात मोठी लाट जेमतेम खांद्याएवढी असेल. त्या रात्री गादीवर पडल्यावरही अंग हलत होतं.

तर, मोठ्या लाटांच्या तुमच्या आठवणी लिहा. सर्फिंगच पाहिजे असं नाही. होडी, पोहणं, काहीही चालेल. आणि एक स्वार्थी प्रश्न : मुंबईच्या जवळ, शनिवार-रविवारात उरकेल असं सर्फिंगचं ठिकाण कुणाला माहीत आहे का?

नाना_दादर | रात्री ९:५२

मुलुंडला समुद्र कधी आला? ऐरोलीच्या खाडीत उभ्या राहता की काय? दिवे घ्या.

भरतीची_ओढ | रात्री ९:५५

नाना, ऐरोलीची जागा फ्लेमिंगोंनी आधीच अडवलीय. तेही एका पायावर उभे, त्यांच्यापुढे आपला काय निभाव लागणार?

कसब्याचा_वाडा | रात्री १०:१०

पैसे मोजून नाकातोंडात पाणी घालून घ्यायचं, ही हौस मुंबईकरांनाच परवडते. आमच्या पुण्यात पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावर हे फुकट मिळतं.

मी_मुक्ता | रात्री १०:१४

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). धाग्याची शंभरी होणार, पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

तरंगलांबी | रात्री १०:४८

स्वार्थी प्रश्नाचं उत्तर आधी देतो : मुंबईच्या जवळ धड सर्फिंग होत नाही. कारण समुद्राच्या तळाशी आहे.

आपल्यासमोरचा अरबी समुद्र फार लांबपर्यंत उथळ आहे. मुंबईसमोर हा उथळ पट्टा तीनेकशे किलोमीटर रुंद आहे, दक्षिणेकडे केरळपर्यंत जाताना तो बराच अरुंद होतो. सर्फिंगला लागते ती लांबून, सावकाश आलेली लाट. ती निघते थेट दक्षिण गोलार्धातल्या वादळी पट्ट्यातून, चाळीस अंशांच्याही खालून. दोन लाटांमध्ये सोळा सेकंदांचं अंतर असेल तर त्यांचा जथा खोल पाण्यात ताशी साधारण ४५ किलोमीटरने सरकतो. म्हणजे आज तुमच्या पायाशी फुटलेली लाट ज्या वादळाने उठवली, ते वादळ गेल्या आठवड्यातलं, सहा-सात हजार किलोमीटरवरचं. आता हा जथा शेवटचे तीनशे किलोमीटर तळाला घासत येणार. जुहूपर्यंत त्यात काय उरणार? जे उरतं ते सगळं एकदम, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात कोसळतं. सर्फरला लाट एका बाजूने दुसऱ्या बाजूला उलगडत जाणारी लागते, तर त्याला बाजूबाजूने पळायला वाव मिळतो.

पावसाळ्यात लाटा मोठ्या असतात हे खरं. पण त्या जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या, सात-आठ सेकंदांवर एक, वेड्यावाकड्या. त्यावर बोर्ड नेणं म्हणजे मार खाणं.

अवांतर : दर पावसाळ्यात पेपरात 'अमुक दिवशी साडेचार मीटर उंच लाटा' अशी यादी येते. तो आकडा भरतीच्या पातळीचा असतो, लाटेचा नाही. भरतीला पाणी त्या उंचीपर्यंत चढतं, लाटा त्याच्या वर वेगळ्या. वारा पडलेला असेल तर पावणेपाच मीटरच्या भरतीलाही समुद्र शहाण्यासारखा असतो.

नाना_दादर | रात्री १०:५९

म्हणजे इतकी वर्षं छत्री मोडून घेत मी मरीन ड्राइव्हला भरतीची पातळी बघायला जात होतो?

तरंगलांबी | रात्री ११:०४

नाना, मोठी भरती आणि जोराचा वारा एकत्र आले की पाणी कठड्यावरून येतंच. तुमची छत्री वाया गेली नाही.

उलट प्रकारही असतो. आभाळ स्वच्छ, वारा नाही, आणि तरी समुद्र घरात. केरळच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात असं होतं. तीही दक्षिणेकडून निघालेलीच लाट. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आधी इशारा देते.

वेसावकर | रविवार, सकाळी ६:३०

तरंगलांबी भाऊंनी बरोबर लिवलंय. भरतीचं आम्हाला पेपरातून कळावं लागत नाही. अमावस्या-पुनवेच्या मागंपुढं उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती लहान. पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

मोठ्या लाटेची आठवण म्हणाल तर एक नाही. वेसाव्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय. ओहोटीला त्यावर पाणी कमी, आणि बाहेरून आलेली लाट नेमकी तिथंच उभी राहून फुटते. बोट माशांनी भरलेली, बर्फ वितळतोय, बाजार चुकायला नको, आणि तांडेल मात्र इंजिन बारीक करून बाहेर थांबलेला. कोण काय बोलत नाही. तो बसतो मागं तोंड करून. लाटा झुंडीनं येतात. तीन, चार, कधी पाच मोठ्या आल्या की मागं जरा निवांत मिळतो. शेवटची मोठी बोटीच्या खालून गेली की हा ओरडतो आणि पूर्ण ताकद देतो, तिच्या पाठीवरून आत. मधेच इंजिन खोकलं तर बोट आडवी, आणि आडवी बोट लाटेत काय होते ते सांगत नाही.

आता ताई, राग मानू नका. ज्याला पोटासाठी रोज ह्यातून यावं लागतं, त्याला सुट्टीच्या दिवशी लाटेवर नाचावंसं वाटत नाही. आमची सुट्टी म्हणजे १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद. तेव्हा बोट किनाऱ्यावर आणि आम्ही जाळी विणत बसलेलो. समुद्राला लांबूनच नमस्कार, नारळी पुनवेपर्यंत.

मी_मुक्ता | सकाळी ८:१२

वेसावकर दादा, हे वाचून चहा गार झाला. अजून लिहा.

चेन्नईत_अडकलेला | सकाळी ९:२०

वेसावकरांच्या अनुभवापुढे बोलायची माझी लायकी नाही, तरी एका मुद्द्यावर असहमत. समुद्रावर पोट असलेला माणूस लाटेवर खेळत नाही, असं काही नाही.

चेन्नईच्या खाली कोवळम आहे. तिथले मूर्ती मेगवन मूळचे मच्छीमार, आणि आज त्या गावाची ओळख सर्फिंगमुळे आहे त्यात त्यांचा मोठा वाटा. गावातली कितीतरी पोरं मच्छीमारांचीच. लाट कुठे फुटेल, पाणी कुठून ओढेल, हे त्यांना शिकवावं लागत नाही, ती बोर्डावर चढतात आणि चालू पडतात. आम्ही आयटीवाले शेजारी धडपडत असतो.

आणखी लांबचं उदाहरण पेरूचं. हुआंचाको नावाच्या गावात मच्छीमार अजूनही लव्हाळ्याच्या जुड्या बांधून केलेल्या अरुंद होड्या वापरतात. मासे घेऊन परत येताना ते सरळ लाट पकडतात आणि तिच्यावर बसून किनाऱ्याला लागतात. ही चाल हजारो वर्षं जुनी मानतात. म्हणजे खेळ आधी की धंदा आधी, हे सांगणं कठीण आहे.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे बाय द वे), ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली, त्यात रमेश बुदिहाळने कांस्य जिंकलं. या स्पर्धेतलं भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. आपल्या पेपरांनी क्रिकेटखाली कुठेतरी चार ओळी दिल्या.

कसब्याचा_वाडा | सकाळी ९:४१

त्या चार ओळी मी वाचल्या होत्या. पुणेकर पेपर पूर्ण वाचतो.

वेसावकर | सकाळी ११:१५

चेन्नईवाल्या भाऊंचं खरं आहे, मी मोठ्या माणसांचं बोललो होतो. पोरांचं वेगळं.

मासे ठेवायच्या थर्माकोलच्या पेट्या असतात, त्यांची फुटकी झाकणं गोळा करायचो. पोटाखाली झाकण घ्यायचं, कमरेएवढ्या पाण्यात लाटेकडं पाठ करून उभं राहायचं, लाट आली की झेप. सरळ वाळूवर. झाकणाच्या कडेनं काखेत आणि पोटावर सोलून निघायचं. वर अंगाला चिकटलेले पांढरे दाणे, म्हणजे घरी खोटं बोलायची सोय नाही. आई त्याच झाकणाच्या तुकड्यानं बडवायची. माझा मोठा भाऊ एकदा त्याच्यावर उभा राहिला होता. दोन श्वासांपुरता असंल, पण राहिला. अजून सांगतो सगळ्यांना, आता नातवाला सांगतो.

भरतीची_ओढ | सकाळी ११:३०

दादा, मग तुमचे भाऊ या शहरातले पहिले सर्फर! त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि थर्माकोलच्या ओरखड्यांबद्दल अगदी अगदी. आम्ही मऊ फोमचे बोर्ड वापरतो, तरी पहिल्या दिवशी पोट आणि गुडघे सोलून निघतात. अंगाला चिकटून बसणारा लांब बाह्यांचा टीशर्ट घाला, असं नव्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

कोकणकन्या_जुनी | दुपारी २:०५

मी इथे फारशी लिहीत नाही, वाचते. आज राहवलं नाही.

आमच्या लहानपणी मे महिन्यात गावी जायचं ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. रात्रभर डेकवर पथारी. समुद्र जरा वर झाला की डेकवर एकेकाला बोट लागायची. आई लिंबाची फोड हुंगायला द्यायची आणि म्हणायची, लांब बघ, पाण्याकडे बघू नको. आमच्या बंदरात बोट लांबच उभी राहायची आणि खालून पडाव, म्हणजे किनाऱ्याला नेणारी होडी, यायचा. लाटेवर तो वर यायचा तेव्हा पायरीच्या बरोबरीला, आणि खाली जायचा तेव्हा पुरुषभर खाली. खलाशी दंडाला धरून उभा. पडाव वर येत असतानाच तो सोडायचा, खाली जाताना कधीच नाही. माझी आजी नऊवारीत, कडेवर माझा भाऊ, आणि तिने एकदाही पाय चुकवला नाही. पडाव किनाऱ्याकडे निघाला की लाट मागून उचलायची आणि पोटात खड्डा पडायचा. तो खड्डा मला फार आवडायचा. मोठ्या बायका रामरक्षा म्हणायच्या आणि मी हसायचे, म्हणून चिमटे खायचे.

पण माझे वडील त्या प्रवासात कधी हसले नाहीत. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट बुडाली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली, गटारी अमावास्या, घरी जायला निघालेली माणसं. काशाच्या खडकाजवळ लाटेने कलंडली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. वडिलांच्या चाळीतले काहीजण त्यात होते. पुढे आयुष्यभर ते पावसाळ्यात बोटीचं नाव काढू द्यायचे नाहीत. आपल्या मराठी घरांत समुद्राला पाठ का करतात, असं जे मूळ लेखात सुचवलंय, त्याचं एक कारण हेही आहे हो. आमच्याकडे भेळ खाणारे काठावरच थांबले, ते उगाच नाही.

भरतीची_ओढ | दुपारी २:४०

काकू, फार सुंदर लिहिलंत. भेळेचं वाक्य मागे घेत नाही, पण आता जरा दबकून उच्चारीन.

नाना_दादर | दुपारी ३:००

काकू, +१. आमच्या घरीही हेच. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद झाल्या की आईला हायसं वाटायचं.

उलट_ऋतू | दुपारी ४:२२

सिडनीहून. इथे शाळेतच मुलांना समुद्राची भीती नीट शिकवतात, म्हणजे घाबरायचं कशाला आणि कशाला नाही ते. माझ्या मुलीला लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहायचं हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं. झेंड्यांचं कारण : काठावर आलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्टीतून जोरात ओढून नेतं. गंमत अशी की त्या पट्टीत लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला तीच जागा शांत वाटते. सापडलात तर किनाऱ्याकडे थेट हातपाय मारू नका, दमून बुडाल. तरंगत राहा, हात वर करा, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला या.

आमच्या जवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर ड्यूक कहानामोकूचा बोर्ड ठेवलाय. हा हवाईचा जलतरणपटू, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण जिंकलेला. १९१४-१५ च्या इथल्या उन्हाळ्यात आला, पाइनच्या लाकडाची फळी स्वतः तासली आणि लाटेवर उभं राहून दाखवलं. क्लबात जाऊन ती फळी बघितली तर पहिला विचार आला, ही नुसती उचलून पाण्यापर्यंत नेणं हाच व्यायाम आहे.

सावध_पाऊल | सायंकाळी ५:१०

सगळं छान, पण कृपया हा धागा वाचून कुणी अक्सा किंवा जुहूला बोर्ड घेऊन जाऊ नका. अक्सा काठावरून निरुपद्रवी दिसतो, आणि दर पावसाळ्यात तिथे माणसं बुडतात. जीवरक्षक शिट्ट्या मारून थकतात आणि लोक त्यांच्याशीच भांडतात. आमच्या कॉलेजातला एक मुलगा असाच गेला, चांगलं पोहता येत होतं त्याला. पावसाळ्यात जुहूला जेलीफिशसारखे निळे, डंख मारणारे ब्लू बॉटल येतात ते वेगळंच. पाण्याच्या स्वच्छतेबद्दल तर बोलायलाच नको.

तरंगलांबी | सायंकाळी ५:१५

संपूर्ण अनुमोदन. मोदक घ्या.

पायाला_भिंगरी | सायंकाळी ७:३०

मोठ्या लाटा म्हणताय तर मी बघितलेल्या सगळ्यात मोठ्या सांगतो. फक्त बघितलेल्या.

पोर्तुगालमधलं नाझारे. किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाला एक प्रचंड घळ आहे, दोनशेहून अधिक किलोमीटर लांब, बाहेरच्या टोकाला पाच हजार मीटरच्या आसपास खोल, आणि ती जवळजवळ किनाऱ्यापर्यंत येते. तरंगलांबींनी मुंबईचं जे सांगितलं त्याच्या नेमकं उलट : अटलांटिकची लाट तळाला न घासता घळीतून ताकद शाबूत ठेवून आत येते, शेजारच्या उथळ पाण्यातून येणाऱ्या लाटेला भिडते आणि दोन्ही मिळून उभ्या राहतात. २०११ मध्ये गॅरेट मॅकनमाराने इथे ७८ फुटी लाट घेतली, त्याआधी या गावाचं नाव बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सध्याचा विक्रम जर्मनीच्या सेबास्टियन श्टॉइटनरचा, २९ ऑक्टोबर २०२०, ८६ फूट. आठ मजली इमारत समजा.

दीपगृह असलेल्या जुन्या किल्ल्याजवळ, कड्यावर उभं राहून बघतात. आधी काही कळतच नाही. पाणी एवढं मोठं की अंदाजच येत नाही. मग कुणीतरी बोट दाखवतं, लाटेच्या अंगावर एक पांढरी रेघ ओढली जात असते, आणि रेघेच्या टोकाला एक ठिपका. तो माणूस. तेव्हा लाटेची उंची समजते आणि पोटात गोळा येतो. इतकी वेगवान लाट हातांनी वल्हवून पकडता येत नाही, म्हणून जेट स्कीने ओढून आत सोडतात. पडला तर तीच स्की त्याला उचलायला फेसात घुसते, पुढची लाट पोहोचायच्या आत. आवाज कानांआधी पायांना कळतो, कडा हलतो.

आता खास आपल्या लोकांसाठी : खाली गावाच्या किनाऱ्यावर बायका मासे चिरून जाळीच्या मांडवांवर वाळत घालतात. कड्यावर जगभरचे कॅमेरे आणि खाली तोच आपला सुकटीचा वास. मी अर्धा दिवस त्या मांडवांपाशीच होतो.

वेसावकर | सायंकाळी ७:४४

कुठले मासे? आपल्या बोंबलासारखे उभे टांगतात की चिरून?

पायाला_भिंगरी | सायंकाळी ७:५०

चिरून, पसरून. बांगड्याचे लांबचे भाऊबंद म्हणा. चव बरी, पण आपल्या सुक्या बांगड्याची सर नाही.

मी_मुक्ता | सायंकाळी ७:५२

धागा पापलेटवर आलाच शेवटी. मूळ लेखिकेने पहिल्याच परिच्छेदात भाकीत केलं होतं.

सावध_पाऊल | रात्री ८:३०

८६ फूट वगैरे वाचून मला कौतुक वाटत नाही, स्पष्टच सांगतो. स्वतःचा जीव घालवायचा तर घालवा, पण जेट स्कीवरच्या माणसाचं काय? त्याच्या घरी बायका-मुलं नाहीत? याला पराक्रम का म्हणायचं?

पायाला_भिंगरी | रात्री ९:०५

प्रश्न रास्त आहे. ब्राझीलची माया गबेरा २०१३ मध्ये नाझारेलाच बुडता बुडता वाचली. पायाचं हाड मोडलं, किनाऱ्यावर आणली तेव्हा शुद्ध नव्हती. तिच्या सर्फिंगमधल्या जोडीदाराने, कार्लोस बुर्लेने ओढून आणली. ती सावरली आणि त्याच पाण्यात परत गेली. २०२० मध्ये ७३.५ फुटांची लाट घेतली, बायकांमध्ये विक्रम. तिला वेडी म्हणा. पण आता तिथे हवा भरून फुगणारं जॅकेट, एकीऐवजी जास्त स्की, कड्यावरून वॉकीटॉकीवर सूचना देणारा माणूस, हे सगळं असतं, आणि ते अशा बुडण्यांतूनच शिकून आलेलं आहे.

उलट_ऋतू | रात्री ९:२०

सावध_पाऊल, वाचवणारे आणि लाटेवर जाणारे असे दोन वेगळे गट नसतातच. हवाईच्या वायमिया खाडीचा एडी आइकाऊ जीवरक्षक होता, त्याने शेकडो माणसं बाहेर काढली. १९७८ मध्ये होकुलेआ नावाची पारंपरिक नौका वादळात उलटली, तेव्हा हा मदत आणायला बोर्डावरून एकटा निघाला. बाकीचे वाचले, हा सापडला नाही. त्याच्या नावाची स्पर्धा लाटा पुरेशा मोठ्या असतील त्याच वर्षी होते, नाहीतर होतच नाही. २०२३ मध्ये ती जिंकली ल्यूक शेपर्डसनने, जो त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून ड्यूटीवर होता. मधल्या सुट्टीत लाटा घेतल्या आणि परत टॉवरवर.

नाना_दादर | रात्री ९:२४

आमच्या ऑफिसात मधल्या सुट्टीत लोक कॅरम खेळून उशिरा येतात.

सावध_पाऊल | रात्री ९:४०

एडीबद्दल माहीत नव्हतं. त्याला मानतो. ८६ फुटांबद्दलचं मत मात्र कायम.

भरतीची_ओढ | रात्री १०:१५

मला दोन्ही बाजू पटतात, पण एक सांगते. मोठी लाट ही फुटांत मोजायची गोष्ट नाही. माझ्या खांद्याएवढ्या लाटेखाली मी एकदा गेले होते. वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना, घोट्याला बांधलेली दोरी ओढत होती, आणि डोळे उघडले तर सगळीकडे चहाच्या रंगाचं पाणी. शिकवणारा मुलगा आधी म्हणाला होता, झगडू नका, अंग सैल सोडा, हातांनी डोकं झाका, ती सोडेल. तिने सोडलं. वर आले, खोकले, आणि तो तिकडून ओरडतोय, मॅडम, पुढची येतेय, वळा! वळले. ती मिळाली, आणि फार सुंदर मिळाली. मघाशी धरून ठेवलेलं सगळं घाबरणं तिच्यावर उभं राहिल्यावर हसण्यातून बाहेर पडलं. मोठ्याने हसत होते मी, पाण्यात, एकटी. घरी गंभीर बाई म्हणून प्रसिद्ध आहे.

कोकणकन्या_जुनी | रात्री १०:३०

पडावातला खड्डा तो हाच ग.

बोरिवली_फास्ट | रात्री ११:०२

उशिरा आलो. मला शिकायचंय. ऑनलाइन नऊ फुटी बोर्ड बघून ठेवलाय, घेऊ का? विरारच्या मालडब्यातून नेता येईल?

मी_मुक्ता | रात्री ११:०५

मालडब्यात कोळणींच्या टोपल्यांमध्ये नऊ फुटी फळी घेऊन शिरणाऱ्या माणसाचा व्हिडिओ मला पाहिजेच.

वेसावकर | रात्री ११:०८

माझी वहिनी त्याच डब्यातनं जाते. बोर्ड राहील, तुम्ही उतराल.

चेन्नईत_अडकलेला | रात्री ११:२०

मुळीच घेऊ नका. शाळेत बोर्ड भाड्याने मिळतो, आणि शिकताना मोठा, मऊ, जास्त तरंगणाराच लागतो. तुमचा कडक आणि चकचकीत असणार, पहिल्याच दिवशी दात पाडून घ्याल. आणि घेतलाच तर मेण वरच्या बाजूला लावतात, पाय घसरू नये म्हणून. खालून लावणारे बघितलेत, म्हणून सांगतो.

तरंगलांबी | रात्री ११:३५

मूळ प्रश्न अजून तसाच आहे म्हणून परत येतो. मुंबईजवळ नाही, पण शनिवार-रविवारला एक दिवस रजा जोडली तर जमतं. गोव्यात अश्वेमच्या बाजूला नवख्यांसाठी शाळा आहेत. मुल्कीला जायचं तर कुर्ल्याहून दुपारी मत्स्यगंधा सुटते, सकाळी उडपीला उतरायचं, तिथून मुल्की तीसेक किलोमीटर. शेजारच्या ससिहित्लू किनाऱ्यावर राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा झाल्या आहेत. पावसाळा सरल्यावर जा. नोव्हेंबर-डिसेंबरात लाटा लहान आणि सकाळी वारा जमिनीकडून, त्यामुळे पाणी गुळगुळीत. पहाटेच पाण्यात उतरा, दुपारनंतर वारा फिरतो आणि सगळं कालवून टाकतो.

भरतीची_ओढ | रात्री ११:४८

हेच लिहिणार होते. मग करूया का एक कट्टा? नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार, मुल्की. पोहता येणं आवश्यक, वयाची अट नाही. माझ्याबरोबर गेल्या खेपेला साठीच्या एक बाई होत्या, सगळ्यांत आधी त्याच उभ्या राहिल्या.

बोरिवली_फास्ट | रात्री ११:५०

मी नक्की. बोर्डाशिवाय.

कसब्याचा_वाडा | रात्री ११:५५

येईन म्हणतो. पुण्याहून वेगळी गाडी बघावी लागेल. तक्रार नोंदवून ठेवतो.

वेसावकर | सोमवार, पहाटे ४:५०

नोव्हेंबर म्हणजे धंद्याचे दिवस, मला जमणार नाही. पण माझा पुतण्या विचारतोय, त्याचं नाव लिहा. पोहण्याचं विचारू नका.

नाना_दादर | सकाळी ७:१५

आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, त्यामुळे सप्टेंबर अखेरीला सकाळी आठला संगणकापुढे बसावं लागेल. ते काम माझं, खालचे बर्थ ज्येष्ठांना. मी पाण्यात उतरणार नाही, सगळ्यांच्या चपला सांभाळीन. कोण कोण येणार ते रविवारपर्यंत माझ्या विपुमध्ये (विचारपुशीत) कळवा. रात्री मासे कुठे खायचे हे वेसावकरांच्या पुतण्याने ठरवावं.